इंग्रजीतला साधा भूतकाळ: मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी, एकेक पायरी करत

पाचवीत पहिल्यांदा इंग्रजी अक्षरं गिरवली त्या पिढीतली मी. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. त्याआधी मराठी शाळेत ते पाचवीलाच भेटायचं. बारावीनंतर मी नर्सिंगला गेले आणि तिथे पुस्तकं, तास, परीक्षा सगळं इंग्रजीतून. वॉर्डात तर रोजची कसोटी. पाळी संपताना पुढच्या सिस्टरला प्रत्येक पेशंटची हकीकत सांगायची आणि नोंदवहीत लिहायची. काय खाल्लं, किती वेळा उलटी झाली, औषध कधी दिलं, डॉक्टर कधी येऊन गेले. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत भूतकाळच.

शाळेत शिकवलं होतं की साधा भूतकाळ म्हणजे क्रियापदाचं दुसरं रूप. ते खरंच आहे, पण रूपं पाठ असूनही माझ्या चुका होत राहिल्या. त्या कुठून येतात हे कळायला मला दोन वर्षं लागली. त्या मराठीतून येतात. "होते", "हो" आणि "आले" हे आपले तीन साधे शब्द इंग्रजी बोलताना आपल्याला भलत्याच वाटेला नेतात. ती दोन वर्षं तुमची वाचावीत म्हणून हे सगळं लिहिते आहे.

लागणारं साहित्य

एक शंभर पानी वही. क्रियापदांच्या तीन रूपांचा तक्ता असलेला कोणताही शब्दकोश किंवा व्याकरणाचं पुस्तक. जुनं, कुणी वापरलेलं असलं तरी चालेल. फोनमधला आवाज रेकॉर्ड करायचा अ‍ॅप. आणि रोजची वीस मिनिटं, शक्यतो रात्री, कारण तेव्हा सांगायला दिवसभराचा भूतकाळ हाताशी असतो.

1. "गेले होते" मधलं "होते" सोडून द्या

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून ही पायरी पहिली.

"मी काल पुण्याला गेले होते." याचं इंग्रजी करा म्हटलं की दहातले आठ जण म्हणतात, "आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे." बरोबर वाक्य आहे, "आय वेन्ट टू पुणे यस्टरडे."

असं का होतं ते बघा. मराठीत नुसतं "ती पुण्याला गेली" म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं की ती अजून तिकडेच आहे. जाऊन परत आली हे सांगायला आपण "गेली होती" म्हणतो. इंग्रजीत ही सोय "हॅड" करत नाही. तिथे "हॅड" लागतो तो भूतकाळात दोन गोष्टी घडल्या आणि त्यातली आधी कोणती हे दाखवायचं असेल तेव्हा. उदाहरणार्थ, डॉक्टर यायच्या आधीच नातेवाईक निघून गेले होते: "द रिलेटिव्ज हॅड लेफ्ट बिफोर द डॉक्टर केम." दुसरी घटना समोर नसेल तर "हॅड" ऐकून समोरचा वाट बघत राहतो की मग पुढे काय झालं.

तपासायची युक्ती सोपी आहे. वाक्याला "कधी?" असा प्रश्न विचारा. उत्तर काल, गेल्या आठवड्यात, सकाळी सात वाजता असं संपून गेलेल्या वेळेचं आलं आणि गोष्ट एकटीच असली की सरळ दुसरं रूप लावा.

सापळा: काही जण "होते" साठी "वॉज" घालतात, "आय वॉज वेन्ट". असं वाक्य इंग्रजीत नाहीच. क्रियेचं दुसरं रूप आलं की शेजारी "वॉज" नको.

2. क्रियापद बदलायची सवय थांबवा

इथे मात्र इंग्रजी आपल्यावर मेहेरबान आहे. मी गेलो, मी गेले, तू गेलास, ती गेली, ते गेले, त्या गेल्या, या सगळ्यांना मिळून एकच शब्द: "वेन्ट".

मराठीत कर्मणी प्रयोग आला की क्रियापद कर्माच्या मागे जातं. गोळी दिली, औषध दिलं, डोस दिला, गोळ्या दिल्या. इंग्रजीत गोळी असो की डोस, "गेव्ह". एवढं लक्षात आलं की मन हलकं होतं.

अडचण असते ती कर्ता शोधण्यात. "मला भूक लागली", "त्याला ताप आला", "तिला ते आवडलं" या वाक्यांत मराठीत भूक लागते, ताप येतो, म्हणजे माणूस बाजूला आणि ताप पुढे. इंग्रजीत माणसाला पुढे आणावं लागतं: "आय फेल्ट हंग्री", "ही हॅड अ फीवर", "शी लाइक्ड इट". "फीवर केम टू हिम" असं मी एकदा नोंदवहीत लिहिलं होतं. आमच्या इन्चार्ज सिस्टरनी त्यावर काट मारली आणि शेजारी "पेशंट हॅड फीवर" लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. ते पान आजही डोळ्यांसमोर आहे.

3. वॉज आणि वेअर

मी, तो, ती, ते यांना "वॉज". तू, तुम्ही, आम्ही, ते सगळे यांना "वेअर". हा शब्द आपण "कुठे" या अर्थाच्या शब्दासारखा उच्चारतो, पण खरा उच्चार "वर्" च्या जवळचा आहे.

वाक्यात कुठलीच क्रिया नसून नुसती स्थिती सांगायची असेल तेव्हा हे दोघे एकटे उभे राहतात: "ही वॉज वीक", "दे वेअर अ‍ॅट होम". नकार करताना फक्त "नॉट" लावायचं. यांच्याबरोबर "डिड" येत नाही. आणि एक वाक्य तसंच्या तसं पाठ करून टाका: "आय वॉज बॉर्न इन 1998." जन्म मराठीत आपण घेतो, इंग्रजीत तो आपल्याला दिला जातो, म्हणून तिथे "वॉज" हवाच.

4. ई-डी लावा, पण उच्चार तपासून

बहुतेक क्रियापदांना शेवटी ई आणि डी ही अक्षरं जोडली की भूतकाळ तयार होतो. लिहिताना अडचण फारशी नाही, उच्चारताना आहे. आपण "वॉक-एड", "हेल्प-एड", "वॉश-एड" असं दोन तुकड्यांत बोलतो. प्रत्यक्षात ई-डीचे उच्चार तीन आहेत आणि ते ओळखायला लागणारं ज्ञान तुमच्याकडे दहावीपासून आहे.

व्यंजनसंधी आठवा. विपद् + काल = विपत्काल. पुढे कठोर "क" आला म्हणून मृदू "द्" चा कठोर "त्" झाला. इंग्रजीतही तसंच होतं, फक्त इथे आधीचा आवाज पुढच्याला बदलतो. क्रियापदाचा शेवट क, प, फ, स, श, च अशा कठोर आवाजाने झाला की ई-डीचा उच्चार "ट": कुक्ट, हेल्प्ट, कॉफ्ट, पास्ट, वॉश्ट, वॉच्ट. शेवटी स्वर किंवा मृदू आवाज असेल तर "ड": प्लेड, क्लीन्ड, कॉल्ड, ओपन्ड. आणि शेवटी मुळातच ट किंवा ड असेल तरच वेगळा तुकडा "इड": वेटिड, नीडिड, व्हॉमिटिड.

शंका आली तर गळ्यावर दोन बोटं ठेवून शेवटचा आवाज काढा. कंप जाणवला की मृदू, नाही जाणवला की कठोर. वर्णमाला शिकलेल्या माणसाला हे दोन दिवसांत जमतं.

स्पेलिंगमधल्या तीन गोष्टी तेवढ्या बघून ठेवा. शेवटी ई आधीपासून असेल तर फक्त डी. व्यंजनानंतर वाय असेल तर वाय जाऊन आय-ई-डी येतं, जसं "क्राय" चं "क्राइड". पण "प्ले" मध्ये वायच्या आधी स्वर आहे म्हणून तो टिकतो. तिसरी गोष्ट शेवटचं अक्षर दोनदा लिहिण्याची. "स्टॉप" सारख्या छोट्या शब्दात पी दोनदा येतो. दोन तुकड्यांच्या शब्दात जोर कुठे पडतो ते बघायचं. "अ‍ॅडमिट" मध्ये जोर शेवटच्या तुकड्यावर आहे, म्हणून "अ‍ॅडमिटेड" लिहिताना टी दोनदा. "व्हॉमिट" मध्ये जोर सुरुवातीला, म्हणून "व्हॉमिटेड" मध्ये टी एकच. हे दोन शब्द मी वर्षभर उलटसुलट लिहीत होते.

5. अनियमित क्रियापदं गटागटाने पाठ करा

तक्ता वरून खाली पाठ करायला घेऊ नका. पहिल्या पानावर उत्साह असतो, तिसऱ्या पानावर सगळं एकमेकांत मिसळतं. शिवाय रोज तोंडात येणारे शब्द नेमके अनियमित आहेत: असणे, करणे, जाणे, म्हणणे, बघणे, देणे, घेणे, येणे. त्यामुळे त्यांना टाळून पुढे जाता येत नाही.

मराठीतही तसंच आहे ना? बसचं बसला, हसचं हसला, पण जाचं गेला, येचं आला, करचं केला, होचं झाला. लहान मूल "मी करलं" म्हणतं, आपण "केलं म्हणावं" असं सांगतो आणि ते पुढे कधीतरी आपोआप सुधारतं. इंग्रज मूलही आधी "गो" ला ई-डी लावून "गोड" म्हणतं आणि मग "वेन्ट" वर येतं. "वेन्ट" हे रूप तर मुळात "वेन्ड" या वेगळ्याच क्रियापदाचं होतं, ते "गो" ला येऊन चिकटलं. तेव्हा इथे तर्क शोधत बसू नका, कानाला सवय लावा.

वहीत एका पानाला एक गट लिहा. न बदलणारे: कट, पुट, हिट, शट, हर्ट, कॉस्ट. शेवटी "ऑट" येणारे: बाय-बॉट, ब्रिंग-ब्रॉट, थिंक-थॉट, टीच-टॉट, कॅच-कॉट. "ई" चा "ए" होणारे: स्लीप-स्लेप्ट, कीप-केप्ट, मीट-मेट, फीड-फेड, ब्लीड-ब्लेड. "इ" चा "अ‍ॅ" होणारे: ड्रिंक-ड्रँक, सिंग-सँग, बिगिन-बिगॅन, सिट-सॅट. "ओ" वर जाणारे: राइट-रोट, स्पीक-स्पोक, ब्रेक-ब्रोक, ड्राइव्ह-ड्रोव्ह. आणि "ऊ" वाले: नो-न्यू, ग्रो-ग्रू, थ्रो-थ्रू. उरलेले गेव्ह, टुक, केम, सॉ, सेड, मेड, गॉट यांना शेवटचं पान द्या. रोज एक गट मोठ्याने म्हणा, आठवड्याने पुन्हा पहिल्यापासून.

सापळे दोन. "रीड" लिहिताना बदलत नाही, पण भूतकाळात वाचायचं "रेड". आणि "फॉल" चं "फेल", तर "फील" चं "फेल्ट". पेशंटला बरं वाटलं असं सांगायचं असताना "पेशंट फेल" एवढंच ऐकू गेलं तर समोरची सिस्टर पेशंट पडला म्हणून धावत येईल. शेवटचा "ट" स्पष्ट उच्चारा.

6. डिड आला की क्रियापद परत मूळ रूपात

नकार आणि प्रश्न दोन्हीला "डिड" लागतो. भूतकाळ दाखवायचं काम तो एकटा करतो, म्हणून मुख्य क्रियापद मूळ रूपावर परत येतं. "ही एट" पण "ही डिडन्ट ईट". "शी वेन्ट" पण "डिड शी गो?" "डिडन्ट वेन्ट", "डिड यू टुक" या चुका इतक्या सर्रास ऐकू येतात की कानाला त्याच बरोबर वाटायला लागतात. नियम एकच ठेवा: एका वाक्यात भूतकाळाची खूण एकदाच.

आता यातली खरी अडचण. पुस्तकात ती मला कुठे भेटली नाही, वॉर्डात भेटली.

मधुमेहाचे एक आजोबा दाखल होते. दुपारी त्यांनी ताट परत पाठवलं, जेवले नाहीत. थोड्या वेळाने डॉक्टरांचा फोन आला. ते बाहेरच्या राज्यातले होते, मराठी समजत नव्हती. त्यांनी विचारलं, "डिडन्ट ही ईट?" मी म्हणाले, "येस, डॉक्टर." माझ्या मनात होतं, "हो, नाही जेवले." त्यांनी ऐकलं, जेवले. आणि दुपारचं इन्सुलिन द्यायला सांगितलं. शेजारी उभ्या असलेल्या सिनियर सिस्टरना ताट परत गेल्याचं माहीत होतं. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि सांगितलं, "नो, डॉक्टर, ही डिडन्ट ईट." उपाशीपोटी इन्सुलिन गेलं असतं तर आजोबांची साखर उतरली असती, घाम सुटून ते बेशुद्धही पडू शकले असते. त्या रात्री मला झोप आली नाही.

मराठीत आपण विचारणाऱ्याच्या बोलण्याला हो किंवा नाही म्हणतो. "जेवला नाहीस?" "हो, नाही जेवलो." इंग्रजीत घडलेल्या गोष्टीला येस किंवा नो म्हणतात. गोष्ट घडली असेल तर "येस", घडली नसेल तर "नो", मग प्रश्न सुलटा असो की उलटा. आणि नुसत्या येस-नोवर कधीच थांबू नका. "येस, ही डिड" किंवा "नो, ही डिडन्ट" असं पूर्ण म्हणा. ही सवय फोनवर, मुलाखतीत, बँकेत, सगळीकडे उपयोगी पडते.

7. "आलो" दिसला की भूतकाळच असं समजू नका

आई हाक मारते आणि आपण आतूनच ओरडतो, "आलो!" अजून जागचे हललेलोही नसतो. तिथे इंग्रजीत "आय केम" चालत नाही, "आय अ‍ॅम कमिंग" म्हणावं लागतं.

तसंच "पाऊस आला तर मी येणार नाही" आणि "तू पोचलास की फोन कर". दोन्हीकडे मराठी रूप भूतकाळाचं, गोष्ट मात्र पुढे घडायची आहे. इंग्रजीत इथे वर्तमानकाळ येतो: "इफ इट रेन्स", "व्हेन यू रीच". "आला तर", "गेलास की" अशी जोडी दिसली की दुसऱ्या रूपाकडे जाऊच नका.

उलटही होतं. "लहानपणी आम्ही नदीवर जायचो" यात "जायचो" बघून काही जण चाचपडतात. इथे "वुई वेन्ट टू द रिव्हर" किंवा "वुई यूज्ड टू गो टू द रिव्हर", दोन्ही बरोबर.

8. वेळेचे शब्द मराठीतून उचलू नका

"दोन दिवसांपूर्वी" चं "बिफोर टू डेज" होत नाही. "टू डेज अगो" म्हणायचं, आणि "अगो" नेहमी मागे. "काल रात्री" म्हणजे "लास्ट नाइट". "यस्टरडे नाइट" टाळा. काल सकाळ आणि काल संध्याकाळ मात्र "यस्टरडे मॉर्निंग", "यस्टरडे ईव्हनिंग". आज सकाळी म्हणजे "धिस मॉर्निंग". "परवा" आपल्याकडे मागचाही असतो आणि पुढचाही, त्यामुळे तो शब्द आला की आधी कोणता ते ठरवा. मागचा असेल तर "द डे बिफोर यस्टरडे".

9. रोज रात्री पाच ओळी

हेच खरं औषध. झोपण्यापूर्वी दिवसभरात घडलेल्या पाच गोष्टी लिहा. त्यातली एक नकारार्थी असू द्या, एक "वॉज" किंवा "वेअर" ची. मग त्या मोठ्याने वाचून रेकॉर्ड करा आणि ऐकताना फक्त ई-डीच्या उच्चाराकडे लक्ष द्या. आठवड्यातून एकदा लाल पेनाने स्वतःच्या वहीत दोनच गोष्टी शोधा: विनाकारण आलेला "हॅड" आणि "डिड" च्या मागे लागलेलं दुसरं रूप. नवीन सिस्टर आमच्या वॉर्डात येतात तेव्हा मी त्यांना हेच करायला लावते. महिनाभरात लाल खुणा कमी होताना दिसतात.

सुरुवातीला हे करून बघा. खालचा मजकूर हाताने झाकून मराठी परिच्छेदाचं इंग्रजी म्हणा.

"आज सकाळी आजी सहाला उठल्या. त्यांना बरं वाटत होतं. त्यांनी चहा घेतला पण नाश्ता केला नाही. मी आठला गोळी दिली. काल रात्री त्यांना दोनदा उलटी झाली होती. डॉक्टर दहाला आले आणि त्यांना तपासून गेले."

आता पडताळा.

"ग्रँडमा वोक अप अ‍ॅट सिक्स धिस मॉर्निंग. शी फेल्ट बेटर. शी ड्रँक टी बट डिडन्ट ईट ब्रेकफास्ट. आय गेव्ह हर द टॅब्लेट अ‍ॅट एट. शी व्हॉमिटेड ट्वाइस लास्ट नाइट. द डॉक्टर केम अ‍ॅट टेन अँड एक्झॅमिन्ड हर."

"झाली होती" बघून तुमच्या तोंडून "हॅड व्हॉमिटेड" निघालं असेल तर पहिली पायरी आज रात्री पुन्हा वाचा.